वाफेच्या गावात हरवलेला टाक

१

फुलसावंगीचे रामराव सदाशिवरावांच्या दुकानाची पायरी चढले तेव्हा मागून बेबीताई येत होत्या, आणि नवराबायकोच्या मधे आणखी एक माणूस चालू शकेल एवढी जागा होती. सदाशिवरावांनी हातातला चिमटा खाली ठेवला. पुसदच्या सराफ ओळीत चाळीस वर्षं गादीवर बसलेल्या सोनाराला, गिऱ्हाईक दागिन्यासाठी आलंय की घरातलं काही मोडलंय म्हणून आलंय, हे पायरीवरच कळायला हवं. नाहीतर त्यानं किराणा विकावा.

रामराव बसले, पाणी प्याले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. सुरभीचा टाक हरवला होता. दुसरा घडवून हवा होता, जसाच्या तसा.

तो टाक सदाशिवरावांनी स्वतःच्या हातानं घडवला होता. रामरावांच्या थोरल्या मुलाची, कपिलची पहिली बायको सुरभी पाच वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात गेली. पोटातलं बाळही गेलं. दोन वर्षांपूर्वी कपिलचं दुसरं लग्न झालं, कळंबची दिपाली घरात आली. अशा वेळी पहिलीची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर उठवून दुसरीच्या गळ्यात घालतात. ती तिनं जन्मभर वागवायची, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा, मग आपण जेवायचं. अंगठ्याच्या नखाएवढा तो टाक. सुरभीचा फोटो समोर ठेवून सदाशिवरावांनी त्यात तिची मोठी टिकलीसुद्धा उठवली होती.

कुठे हरवला, असं त्यांनी विचारलं.

"जपानात," रामराव म्हणाले.

सदाशिवरावांना वाटलं आपल्या कानातच काही बिघाड झाला. एवढ्यात इतका वेळ दाराकडे तोंड करून बसलेल्या बेबीताई बोलल्या.

"हरवला नाही भाऊ. तिनं फेकला."

मग बाकीचं बाहेर पडलं. धाकटा आयुष तीन वर्षांपासून जपानात कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळी झाल्यावर त्यानं आई, भाऊ आणि वहिनीला बोलावून घेतलं. रामराव कापूस वेचणीसाठी मागे राहिले. ते तिघं परत आले तेव्हा दिपालीचा गळा मोकळा होता. बेबीताईंनी तिला आठ दिवसही घरात ठेवलं नाही. तीन आठवड्यांपासून ती कळंबला माहेरी होती. अट एकच होती. तिथल्या चिंतामणीच्या गाभाऱ्यासमोर उभं राहून, सवत नको होती म्हणून मीच टाक फेकला, असं कबूल कर आणि मग घरात ये. दिपाली म्हणत होती, जे केलं नाही ते देवासमोर कसं म्हणू? येत्या सोमवारी दोन्हीकडची मोठी माणसं सोडचिठ्ठीचं बोलायला बसणार होती.

"म्हून म्हनतो, नवा घडवा," रामराव म्हणाले. "गुपचूप तिच्या गळ्यात घालू. पोरीचं घर मोडून राह्यलं."

सदाशिवरावांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, पहिला कुठे आहे ते कळल्याशिवाय दुसरा घडवणार नाही. एका बाईच्या दोन मूर्ती जगात फिरू देणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. आणि सोमवारला अजून पाच दिवस होते.

२

आता गंमत अशी, की सदाशिवराव उभ्या आयुष्यात नागपूरच्या पुढे गेले नव्हते. टाक हरवला ते गाव त्यांनी पाहिलं ते गादीवर बसून, दुसऱ्यांच्या तोंडून. त्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते त्याला वाफेचं गाव म्हणत.

बेबीताई रागात होत्या, पण गावाचं सांगायला लागल्यावर त्यांचा आवाज जरा उतरला. डोंगराच्या कुशीत गाव, आणि गावाच्या मधोमध लाकडी पन्हाळींतून उकळतं पाणी वाहतं. सगळीकडे वाफ. सडक्या अंड्यांसारखा वास. लोक त्याच पाण्यात अंडी उकडून खातात. बेबीताई अंडं खात नाहीत, म्हणून आयुषनं त्यांना वाफवलेला, आत गोड पुरण भरलेला पांढरा गोळा दिला. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी चार खाल्ले. मुक्कामाच्या घरी सगळ्यांना सारखेच निळे झगे दिले. गावात संध्याकाळी बायाबापे तेच घालून, लाकडी खडावा वाजवत हिंडतात. बेबीताईंनी झग्याची उजवी बाजू वर घेतली तर मालकीणबाई धावत आली आणि उलटं करून दिलं. तसं प्रेताला नेसवतात म्हणे. तेव्हा त्या हसल्या होत्या. आता हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे न्हाणीकडे निघाले. तिथे बायांची न्हाणी वेगळी, बाप्यांची वेगळी. दारावरच चित्र होतं, अंगावर गोंदलेलं असेल तर आत यायचं नाही, तिकडे गोंदण ही गुंडांची खूण. बेबीताईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे, लग्नाआधीचं. आयुषनं विनवून पाहिलं, मालकीणबाई कमरेत वाकवाकून माफी मागत राहिली, पण नाही म्हणजे नाही.

"तुळशीवृंदावन गोंदलं हाय हातावर, आन् मले गुंडाच्या रांगेत बसवलं," बेबीताई म्हणाल्या.

मग त्या समोरच रस्त्याच्या कडेला, पाय बुडवून बसायला गरम पाण्याचा पाट केलाय, तिथे बसल्या. दिपाली एकटी बायांच्या न्हाणीत गेली. कपिल आणि आयुष बाप्यांच्या. बेबीताई तासभर तिथून हलल्या नाहीत. भुरभुर पाऊस होता. झगेवाले छत्र्या घेऊन येत-जात होते, सगळे एकसारखे, कोण कुठला ओळखू येत नव्हता. एक वेडा तेवढा छत्रीशिवाय भिजत समोरच्या टेकडीच्या पायऱ्या चढत होता, त्याची त्यांना कीव आली.

परत खोलीवर गेल्या तर टाक नाही.

"आन् हे पाहा," म्हणत बेबीताईंनी पाय पुढे केला. जोडवी काळीठिक्कर पडली होती. "सुरभीचा राग हाय हा. माह्या पायापासून लागला."

सदाशिवरावांनी भिंग लावून जोडवी पाहिली. काळेपणा सगळीकडून सारखा होता, नक्षीच्या खाचांतसुद्धा. असा रंग ते वर्षातून पाच-दहा वेळा पाहत. पैनगंगेपल्याड उनकेश्वरला गरम कुंडात न्हाऊन आलेल्या बायका घाबरून दुकानात येतात, त्यांच्या चांदीवर हाच रंग असतो. पाण्यात गंधक असलं की चांदी काळी पडते. नुसतं दर्शन घेऊन येणाऱ्यांची चांदी फक्त पिवळसर होते. त्यांनी हे बेबीताईंना समजावलं. बेबीताईंनी ऐकून घेतलं आणि पाय आत ओढला.

मग सदाशिवरावांनी विचारलं, खोलीची किल्ली कुठे होती?

"बाहेरच्या खुंटीवर. घरातलं कोणीबी काढू शकत होतं," बेबीताई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सदाशिवराव कळंबला गेले. आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग दिपालीच्या वडिलांचं घर विचारत गेले.

दिपाली अंगणात तूर पाखडत होती. काकांना पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी हात जोडून सांगितलं, की कबूल करायला सांगायला आला असाल तर चहा पिऊन जा. सदाशिवराव म्हणाले, चहा पितो, बाकी काही म्हणत नाही.

तिनं जे घडलं ते सांगितलं. दोन वर्षांत टाक तिनं एकदाही काढला नव्हता. तापात, विहिरीवर, कुठेही नाही. पण त्या दुपारी आयुषभाऊजींनी सगळ्यांना बजावलं, या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी काढणं तिला जमलं नाही, सवाष्णीनं ती काढायची नसतात. पण टाक काढला.

"ताईचं तोंड काळं झालं असतं काका," ती म्हणाली. "मले पाह्यवलं नसतं."

तो रुमालात गुंडाळून खोलीच्या कोनाड्यात, फुलदाणीशेजारी ठेवला. सगळ्यांच्या देखत ठेवला. परत आली तर रुमाल तिथेच होता, चार घड्या घालून. टाक नव्हता. बाजूला सगळ्यांचे पासपोर्ट होते, सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

सदाशिवरावांनी तिचे पाय पाहिले. जोडवी काळी होती, सासूच्या जोडव्यांसारखीच. ती त्यांना उजळायला काढून देईना, राहू द्या म्हणाली.

आणि कपिलचं काय म्हणणं होतं, हे त्यांनी शेवटी विचारलं. दिपालीनं सूप परत हातात घेतलं.

"हे काहीच म्हनले नाहीत. न्हाणीतून आले तर डोकं ओलं होतं, हात मातर बर्फावानी थंड. मीच पुसून दिले," ती म्हणाली.

सदाशिवरावांचा चहा कपातच राहिला.

४

शनिवारी त्यांनी कपिलला दुकानात बोलावलं. निमित्त होतं नव्या टाकाच्या नमुन्याचं. कपिल भला माणूस. शेतातला, कमी बोलणारा, डोळे वर न करणारा. बायको गेल्यापासून असाच झालाय, असं गाव म्हणतं.

पण जपानचं विचारलं तर तोही बोलला. सदाशिवराव कौतुकानं विचारत गेले आणि तो सांगत गेला. लाल झालेली झाडं, पुलावरून दिसणारी वाफ, कागदी कंदील, टेकडीवरच्या दगडी बाळमूर्ती. त्या मूर्तींच्या गळ्यात लाल लाळेरी बांधलेली असतात म्हणाला. एकाचं तर लोकरीचं, हातानं विणलेलं होतं, एक टाका सुटलेला.

आणि त्या संध्याकाळी? त्या संध्याकाळी तो तासभर न्हाणीत होता, बाहेरच्या उघड्या कुंडात. आयुष आतल्या कुंडात होता.

सदाशिवरावांची नजर त्याच्या बोटाकडे गेली. मोत्याची चांदीची अंगठी, त्यांच्याच दुकानातली, सुरभी गेली त्या वर्षी ज्योतिषानं घालायला सांगितलेली. उजाळा देतो, काढ, असं ते म्हणाले. कपिलनं ओढून पाहिली. पेराच्या पुढे हलेना. पाच वर्षांत ती निघालीच नव्हती, कापावी लागेल म्हणाला. मग सदाशिवरावांनी बोट हातात घेऊन भिंगातून पाहिलं. अंगठी किंचित पिवळसर होती. मोत्याच्या कोंदणाभोवती शेतातला जुना मळ जसाच्या तसा बसलेला होता.

कपिल गेल्यावर त्यांनी रामरावांकडून नंबर घेऊन आयुषला फोन लावला.

आयुष बिचारा रडकुंडीला आला होता. त्यानंच बोलावलं आणि त्यामुळेच वहिनीचं घर मोडत होतं. त्या संध्याकाळी तर त्याला उष्णतेनं चक्कर आली होती. न्हाणीतल्या लोकांनी बाहेर काढून वारा घातला, अर्धा तास चार माणसं भोवती होती. बाहेरच्या कुंडाकडे तोंड करून त्यानं दादाला हाका मारल्या. कुंड केवढं म्हणाल तर बैलगाडीएवढं, आणि दारापासून चार पावलांवर. कोणी आलं नाही. वाफेमुळे ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं.

सदाशिवरावांनी एकच विचारलं. टेकडीवर कोण कोण गेलं होतं?

कोणीच नाही, आयुष म्हणाला. तीनशे पायऱ्या, आईचे गुडघे दुखतात. खालून नुसते लाल ठिपके दिसतात. त्यानं खालूनच सांगितलं होतं, की जी लेकरं जन्माआधीच किंवा तान्हेपणी जातात, त्यांना सांभाळणारे ते देव आहेत.

फोन ठेवल्यावर सदाशिवरावांनी भिंग पेटीत ठेवलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. मग त्यांनी रामरावांना निरोप दिला, उद्या रविवारी सगळ्यांना घेऊन या, कळंबच्या माणसांनाही.

५

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. गादीवर रामराव, बेबीताई आणि कपिल. समोरच्या बाकावर दिपाली आणि तिचे वडील. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

सदाशिवरावांनी सरळ सुरुवात केली. टाक बाहेरच्या चोरानं नेला नाही. चोर सोन्याच्या पाटल्या सोडून नखाएवढी चांदी नेत नाही, आणि रुमालाची घडी घालून जात नाही. घरच्या माणसानं नेला. चौघांपैकी आयुष चार माणसांच्या मधे पडून होता. उरले तिघं. तिघांनीही सांगितलं, आम्ही त्या तासात पाण्यात होतो.

"बेबीताई, तुमची जोडवी खाचांपर्यंत काळी आहेत. तुम्ही खरं बोललात. दिपालीचीही तशीच आहेत. ती तासभर न्हाणीतच होती, तिला टाक फेकायला वेळच नव्हता."

बेबीताई म्हणाल्या, न्हाणीला जायच्या आधीच तिनं तो कुठे लपवला असेल. सदाशिवरावांनी मान डोलावली. ही शंका बरोबर होती, आणि म्हणूनच तिसऱ्या माणसाला खोटं का बोलावं लागलं, हे पाहायला हवं होतं.

त्यांनी कपिलकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. अंगठी पाच वर्षांत निघाली नाही, म्हणजे तो पाण्यात असता तर तीही काळी झाली असती. घासून उजळली म्हणावं तर कोंदणातला मळही निघाला असता. ती फक्त पिवळी पडली आहे, म्हणजे त्या गावच्या हवेत होती, पाण्यात नव्हती. भाऊ चार पावलांवरून हाका मारत होता तरी तो आला नाही. गरम कुंडातून आलेल्या माणसाचे हात बर्फासारखे नसतात. आणि लोकरीच्या लाळेऱ्याचा सुटलेला टाका खालून दिसत नाही.

"तू वर गेला होतास बाबा," सदाशिवराव म्हणाले. "तिला घेऊन."

बाहेर सराफ ओळीत कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. ती चालू होऊन निघून गेली. मग कपिल बोलला, जमिनीकडे पाहत.

"टाकात ती एकटीच हाय काका. लेकराचं तर आपन काहीच केलं नाही. नाव नाही, मूर्ती नाही. आयुष म्हनला तिथं तसली लेकरं असतात. मले वाटलं, माय त्याच्याजवळ असावी. एका मूर्तीच्या पायाशी ठेवला. लोकरीचं लाळेरं होतं त्या मूर्तीले."

बेबीताईंचा हात तोंडाशी गेला. छत्रीशिवाय भिजत पायऱ्या चढणारा तो वेडा त्यांना आठवला होता. त्यांच्या पोटचा मुलगा होता तो, आणि त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं.

रामरावांनी मुलाला एवढंच विचारलं, की काहून सांगितलं नाही. कपिल म्हणाला, आधी आई ओरडली तेव्हा भीती वाटली, आणि मग एकेक दिवस जात गेला तसं सांगणं अवघड होत गेलं. सदाशिवरावांना त्याची कीव आली आणि रागही आला. रागच जास्त आला. ज्या बाईनं सवतीचं तोंड काळं होऊ नये म्हणून जिवापाड जपलं, तिच्या तोंडाला यानं तीन आठवडे काळं फासू दिलं होतं.

बेबीताई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत दोन पावलं गेल्या आणि दिपालीसमोर उभ्या राहिल्या. माफीचे शब्द त्या बाईला आयुष्यात कधी लागले नव्हते, ते त्यांना सापडेनात.

"चाल पोरी घरी," एवढंच म्हणाल्या.

दिपाली जागची हलली नाही. ती कपिलकडे पाहत होती.

"मले म्हनले असते तर मी सोबत चढली असती," ती त्याला म्हणाली. "तीनशे काय, हजार पायऱ्या चढली असती. ताईची आन् बाळाची ओटी भरून आली असती. तुमी तिले तिथं ठेवलं त्याचा मले राग नाही."

मग ती सदाशिवरावांकडे वळली.

"काका, नवा टाक घडवा. माय आन् कडेवर लेकरू, दोघायचा. पन माप माह्यं घेऊ नका. यायचं घ्या." तिनं कपिलकडे बोट दाखवलं.

मग बेबीताई म्हणाल्या, बाप्यानं कधी सवतीचा टाक घातलाय काय, लोक काय म्हणतील. दिपालीनं त्यांना मान देऊनच उत्तर दिलं. बायको यांची होती, लेकरू यांचं होतं, दोन वर्षं ते दुःख गळ्यात तिनं वागवलं आणि तीन आठवडे त्याची शिक्षाही तिनंच भोगली. आता ज्याचं आहे त्यानं उघड घालावं, गावासमोर घालावं. ज्या दिवशी हे घालतील त्या दिवशी ती फुलसावंगीला येईल. तोवर कळंबला आहे.

तिचे वडील काही बोलणार होते, रामरावांनी हातानं त्यांना थांबवलं.

सदाशिवरावांनी मापाचा दोरा काढला आणि कपिलसमोर बसले. कपिलनं शर्टाची कॉलर सैल केली आणि मान पुढे केली. दोरा मानेभोवती घेऊन सदाशिवरावांनी विचारलं, किती लांब ठेवू. कपिलला सांगता येईना. तेव्हा दिपाली बाकावरून उठली, जवळ आली आणि त्याच्या छातीच्या मधोमध बोट टेकवून म्हणाली, इथवर, माह्या गळ्यात इथवरच लागत होता.